आमंत्रणासाठी चारशे मैल

मी अमरावतीला गेले ती वऱ्हाड बघायला नव्हे, हे आधीच सांगून टाकते. वऱ्हाड वाटेत आलं म्हणून बघितलं. गेले होते सख्ख्या थोरल्या बहिणीला, सुमतीताईला, माझ्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण करायला. आणि खरं बोलायचं तर आमंत्रण हेही निमित्तच. पुण्याहून चारशे मैलांचा प्रवास मी मुळात एक टोमणा मारण्यासाठी केला.

त्याचं असं झालं. ताईचे यजमान अमरावतीला वकील. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या कुसुमचं लग्न झालं, तेव्हा मला आमंत्रण आलं ते टपालानं. छापील पत्रिका, कोपऱ्याला हळदीचं बोट, आणि तळाशी बारीक टायपात एक ओळ: 'वेळेअभावी समक्ष भेटणे न झाल्यास हेच समक्ष आमंत्रण समजावे.' पाठच्या बहिणीला! मी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोटभर चिठ्ठी तरी असेल म्हणून. नव्हती. मी लग्नाला गेले नाही; मुलांच्या परीक्षा होत्या असं मागाहून कळवलं. परीक्षा खरंच होत्या, पण दरवर्षीच असतात.

पुढे कितीतरी दिवस मी त्या 'समजावे'चाच विचार करत होते. हल्लीचं आपलं अर्धं आयुष्य त्याच्यावर चाललंय. रेडिओतून गाणं ऐकायचं आणि मैफल समजायची. पाहुण्यापुढे कपभर चहा ठेवायचा आणि पाहुणचार समजायचा. शेजाऱ्याला जिन्यात 'काय, बरं आहे ना?' म्हणायचं, उत्तर येईपर्यंत आपण खालच्या मजल्यावर पोचलेलो असतो, आणि ही विचारपूस. सोय सगळ्यांचीच होते, म्हणून तक्रार कोणी करत नाही.

मीही केली नाही. सहा वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींना अतिशय सभ्य पत्रं लिहिली. 'सर्व खुशाल. तुमच्याकडील खुशाली कळवणे.' मधल्या काळात भांडूनतंटून सगळा मराठी मुलूख एका राज्यात आला, पण एका आईच्या पोटच्या आम्ही दोघी आपापल्या जागी नमस्कार-चमत्कार करत बसलो. आई माझ्या लहानपणीच गेली, तेव्हापासून माझं माहेर म्हणजे ताई. आता मुलीचं लग्न वीस दिवसांवर आलं आणि मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं, की मांडवात सगळे आहेत आणि ताई नाही. मला ती हवी होती. पण हे पत्रात कसं लिहायचं ते काही मला सुचेना. टोमणा मात्र लगेच सुचला. आमंत्रण कसं करतात ते तिच्या दारात जाऊन दाखवायचं! चांदीची कुंकवाची डबी, अक्षता, नारळ, खण असा जामानिमा घेऊन मी गाडीत बसले.

अकोला

अमरावतीच्या आधी अकोला लागतं आणि कुसुम दिली आहे अकोल्यालाच, म्हणून पहिला मुक्काम तिच्याकडे केला. दिवस माघाचे, कापसाच्या हंगामाचे. स्टेशनाबाहेर पडले तर सरकी काढायच्या जिनाच्या वाटेवर कापसाच्या बैलगाड्यांची ही रांग, आणि हवेत सगळीकडे पांढरे तंतू. टांगा घरापाशी पोचेपर्यंत ते माझ्या अंबाड्यात जाऊन बसले होते. कुसुमनं दारातच मला मिठी मारली आणि मग ते एकेक वेचून काढत बसली. तिच्या लग्नाला मी नव्हते हा विषय तिनंही काढला नाही. पोरगी आमच्या घरातली, वळण लागलेली.

विषय काढला तिच्या सासूनं. घरात सगळे त्यांना माई म्हणतात. माहेर तेल्हाऱ्याकडचं, कापसाच्या शेतीवाडीतलं. सून पुणेरी आजोळाची आली तरी बोली माहेरचीच ठेवलेली. जेवायला गोळाभात होता. डाळीचे तिखट गोळे भातात शिजवतात आणि वर फोडणीचं तेल ओततात. तेल ओतणं म्हणजे आपल्यासारखं चमच्यानं दाखवणं नव्हे. मी हात आडवा धरला, तो माईंनी बाजूला केला आणि ओतता ओतता, कढी हवी का असं विचारावं तशा सुरात, विचारलं:

"मावशीबाई, तुमी लग्नाले काहून नाही आल्या?"

सहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी विचारलं नव्हतं.

"मुलांच्या परीक्षा होत्या," मी म्हटलं.

"परीक्षा पोट्ट्यांची होती का तुमची?"

कुसुम ताक आणायला म्हणून आत गेली ती आलीच नाही. मी काहीतरी पुटपुटले, मान मिळाला नाही की माणूस कसं जाणार, असं. माईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे विहीणबाईले सांगतलं का?"

"असं कसं सांगायचं?"

"तोंडानं!" माई म्हणाल्या आणि अजून एक पळी तेल माझ्या भातावर पडलं. मग त्यांनी आपल्या आपणच ठरवून टाकलं. "मी येऊन राह्यली तुमच्यासंग अमरावतीले. तुमा दोघींच्यानं हे होत नाही."

मी नको नको म्हटलं. पण वऱ्हाडात 'नको' हा शब्द कोणाच्या कानापर्यंत पोचत नाही, हे त्या तेलावरूनच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं निघालो. आमच्या पुढच्या बाकावर दोन गृहस्थ होते, एकाच्या पायाशी वांग्यांचं भलंमोठं गाठोडं.

"तुमचं गाठोडं माह्या पायावर हाये."

"त पाय काढा न मंग!"

"पाय काहून काढू? पाय माहा हाये, गाडी तुमची नाही!"

इथून जे सुरू झालं ते दोघांच्या गावांपर्यंत, गावच्या पाटलांपर्यंत आणि एकाच्या मेहुण्यापर्यंत गेलं. आता मारामारी होणार म्हणून मी पर्स छातीशी धरली. मूर्तिजापूरला गाडी थांबली, दोघे तरातरा उतरले. मी खिडकीतून भीत भीत पाहिलं, तर चहाच्या टपरीवर गाठोडंवाला दुसऱ्याला हाक मारत होता, "ओ भाऊ, या न! च्या थंडा होऊन राह्यला." दोघांनी एकाच कागदावरची भजी खाल्ली. परत येऊन बसले तेव्हा गाठोडं होतं तिथंच होतं आणि पाय त्याच्यावर ठेवलेले होते.

मला आमच्या शेजारचे गृहस्थ आठवले. नळावरच्या एका बादलीवरून त्यांचं आमचं नऊ वर्षं बोलणं नाही. आवाज मात्र एकदाही चढलेला नाही. जिन्यात गाठ पडली तर ते बाजूला होऊन वाट देतात, आणि मी 'थँक्यू' म्हणते. ह्याला आम्ही सुसंस्कृतपणा म्हणतो, आणि बसमधल्या त्या दोघांना लोक रांगडे म्हणतात. अमरावती येईपर्यंत माझी ह्या बाबतीत जरा गडबड झाली होती.

अमरावती

ताई फाटकापाशी उभी होती. केस बरेच पिकले होते. मला पाहून तिचा हात पुढे आला, आणि मग त्या हातानं तिनं फाटकाची कडी काढली.

"ये. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"छे, अगदी आरामात."

चहा झाला. मग मी जामानिमा काढला. ताईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, हातात अक्षता, ओटीत नारळ आणि खण. "मंगलकार्य आहे. आपण सहकुटुंब सहपरिवार यायचं," मी म्हटलं. सहा वर्षं मनात घोटलेला प्रसंग! ताईच्या चेहऱ्याकडे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. ती लाजेल, निदान वरमेल, अशी माझी अपेक्षा. ती एकदम पांढरी पडली. मग म्हणाली, "हो. आभारी आहे." अक्षता तिनं एका वाटीत ठेवल्या आणि वाटी देवघरात नेली. टोमणा लागला तर होता, पण कुठे लागला ते मला समजेना.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही इतक्या चांगल्या वागलो की घरात बसवेना. 'तुला उशी चालेल ना?' 'आणखी पांघरूण देऊ का?' 'तुझी भाजी छान झालीय.' 'छे गं, तुझ्या हाताची चव कुठे.' वकीलसाहेब ह्या थंडीतही कोर्टातून उशिरा यायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी माईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"तुमी दोघी अशा हळू हळू काय बोलून राह्यल्या? घरात कोणी बिमार हाये का?"

माई उठल्या, पदर खोचला आणि हुकूम सोडला. लग्न पुण्याला असलं म्हणून काय झालं, विड्याचं पान अंजनगावचंच पाहिजे. तिथे त्यांच्या माहेरच्या ओळखीचे पुंजाजी आहेत, त्यांचा पानमळा आहे. तिघींनी आत्ताच्या आत्ता निघायचं आणि करंडी सांगून यायची. पुण्यातही पानं मिळतात, असं मी म्हटलं. "थे पानं नाही, पाला हाये," असा निकाल मिळाला.

अंजनगाव सुर्जी

परतवाड्याला गाडी बदलली. संत्र्यांच्या राशी, लाकडानं भरलेल्या गाड्या आणि उत्तरेला मेळघाटाचे निळसर डोंगर. बघत राहावं असं गाव, पण माईंनी दोघींच्या हातात चार चार संत्री कोंबून पुढच्या गाडीत ढकललं.

पानमळा मी पहिल्यांदाच पाहिला. बाहेरून नुसतं दाट कुंपण. दाराशी पुंजाजी उभे, साठीचे, उजव्या अंगठ्याला पत्र्याचं नख चढवलेलं. त्यानं पान देठाशी खुडतात.

"रामराम. चपला बाहीर, बाई. मळ्यात पायताण नाही आणत आमी. देवाचं घर हाये आमचं हे."

मी अनवाणी आत पाय टाकला आणि चटका बसावा इतकी गार माती पायाला लागली. बाहेर लख्ख ऊन, आत हिरवी सावली. सरळ उंच झाडांवर वेल चढवलेले, दोन ओळींमध्ये एका माणसापुरती वाट. बोलावंसं वाटू नये अशी जागा. पुंजाजींनी एक पान खुडून माझ्या तळहातावर ठेवलं, कोवळं, पोपटी. आपल्याकडे पान हे जेवणानंतर तोंडात टाकायची वस्तू आहे; इथे हा माणूस त्याला तान्ह्या मुलासारखं दोन बोटांत धरत होता.

"किती पानं लागतीन? मानसं किती?"

मी अंदाज सांगायला लागले. आमच्याकडची इतकी, व्याह्यांकडची इतकी. "आणि ताईकडची..." मी मागे वळून पाहिलं.

ताई गोड हसली. "आमचं धरू नकोस गं. ह्यांच्या कोर्टाच्या तारखा असतात. जमलं तर येऊ. नाही तर आहेर पाठवूच."

आहेर पाठवू! बसमधल्या त्या गाठोडंवाल्याचं भूत माझ्या अंगात शिरलं म्हणा.

"आहेर? तुझा आहेर घेऊन काय चाटायचाय मला? चारशे मैल आले मी आहेर मागायला?"

"मग मी काय तुझ्याकडे आहेर मागितला होता? कुसुमच्या लग्नाला साडी कोणी पाठवली पार्सलानं?"

"आणि पत्रिका कोणी पाठवली टपालानं? सख्ख्या बहिणीला?"

"आणि तू काय पाठवलंस? तार! तीही पोस्टातल्या यादीतली, आकडा टाकून! तुला चार शब्द स्वतःचे सुचले नाहीत, शके?"

ही साडीची आणि तारेची गोष्ट मी वर लिहिली नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. पोस्टात ठराविक शुभेच्छांची यादी असते, आपण नुसता आकडा लिहायचा, मजकूर पोस्ट पुरवतं. मी लिहिला होता आकडा. त्या रागात बरा वाटला होता.

"बाई! बाई!" पुंजाजी दोन्ही हात पसरून मध्ये आले. भांडणाचं त्यांना काहीच वाटलेलं नव्हतं. काळजी होती ती वेगळीच. "मळ्यात नाही! भांडाचं असन त बाहीर भांडा. इथं वेल हाये."

वाट एका माणसापुरती. तेव्हा पुढे ताई, मागे मी, माझ्यामागे माई, अशी आमची वरात मुकाट्यानं वेलींमधून बाहेर आली. दारात चपला घातल्या. रागात चपलेचा अंगठा सापडत नाही. ताईची एक मी घातली, माझी एक तिनं, आणि त्या बदलून घ्यायला आम्हांला एकमेकींच्या खांद्याला धरावं लागलं. मग विहिरीच्या कट्ट्यापाशी जाऊन पुन्हा सुरुवात केली.

"मला समक्ष आमंत्रण नाही, पत्र नाही," मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडत होते, आणि सांगायला हरकत नाही, छान वाटत होतं. "परक्यासारखी पत्रिका!"

"ती पत्रिका मी पाठवलीच नव्हती!" ताई माझ्या वरताण ओरडली. "ह्यांच्या कारकुनानं यादीवरून सगळ्यांना टाकल्या. त्यात तुझं नाव होतं हे मला लग्न झाल्यावर कळलं. मी तुला कशाला आमंत्रण करू? घरच्या बाईला कोणी आमंत्रण करतं? मी पंधरा दिवस आधीपासून तुझी खोली झाडून ठेवली होती. शकू आज येईल, उद्या येईल. रुखवताचं सामान तुझ्यासाठी तसंच ठेवलं, की ते तीच मांडेल म्हणून. शेवटी शेजारणींनी मांडलं."

"मंगलाष्टकं चालू होती," माई मध्येच बोलल्या, संत्रं सोलता सोलता, "न विहीणबाई फाटकाकडं पाहून राह्यल्या होत्या. मी म्हणलं, बाईले आमचा पोट्टा पसंत नाही का काय! तवाच विचारलं. म्हणाल्या, माही बहीण अजून यायची हाये."

माझ्याकडे सहा वर्षं पुरतील एवढी उत्तरं होती, पण ती सगळी दुसऱ्याच प्रश्नाची होती.

"आणि परवा," ताईचा आवाज आता खाली आला आणि फाटला, "परवा तू मला पाटावर बसवलंस. आपण सहकुटुंब यायचं म्हणालीस. मला, शके! आई गेल्यावर तुझी वेणी कोणी घातली? तू माझ्या हातावर अक्षता ठेवल्यास जशी मी गल्लीतली कोणी आहे. त्या पत्रिकेचं तुला जेवढं लागलं नसेल तेवढं मला त्या अक्षतांचं लागलं."

मी तिथंच कट्ट्यावर बसले. टोमणा कुठे लागला ते तेव्हा कळलं. मी तिला शिकवायला गेले होते आमंत्रण कसं करावं ते, आणि तिला दुखायचं कारण आमंत्रण हेच होतं. मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. आवरायची सवय जरा बाजूला ठेवावी असं दोन दिवसांत मनात आलंच होतं. ताईही रडली. माईंनी दोघींच्या हातात संत्र्याच्या फोडी ठेवल्या आणि पुंजाजींना हाक मारून विचारलं की जेवणाला अजून किती वेळ आहे.

जेवायला रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, फोडले की आतून वाफ येते, त्यात तूप, आणि सोबत झणझणीत वांग्याची भाजी. मी मोजले नाहीत, पण माई म्हणाल्या की भांडणानं भूक चांगली लागते.

"माझं आमंत्रण मी परत घेते," दुसरा रोडगा फोडताना मी ताईला म्हटलं.

"घे. वाटी देवघरात आहे, जाताना घेऊन जा."

"मग तू?"

परतीच्या गाडीत खिडकीची जागा तिनं घेतली, मला आत सरकवलं, पुंजाजींनी वानगीदाखल दिलेली पानांची छोटी करंडी माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडी सुटल्यावर विचारलं:

"उडदाचं पीठ दळून आणलंस का?"

"कसलं पीठ?"

"कसलं काय? पापडांचं! पापड केव्हा लाटणार आहेस?"

"अजून काहीच नाही केलं," मी म्हटलं.

"काहीच नाही?" आख्ख्या गाडीनं वळून बघितलं. "लग्न पंधरा दिवसांवर आलं, पिठाचा पत्ता नाही, आणि ही बया गावोगाव कुंकू लावत हिंडतेय! उद्याची गाडी किती वाजताची आहे? माझी ट्रंक माळ्यावर आहे, ती आज रात्रीच काढायला हवी. सांडगे? कुरडया? अगं, निदान गहू तरी भिजत घातलेत का?"

"नाही घातले."

ताई मला अमरावती येईपर्यंत रागावत होती. ती थांबू नये म्हणून मी मध्ये मध्ये न केलेल्या चुकाही कबूल करत होते.